केशवापूरच्या गाडीचं डावं दार

१९९९ साल. मी चोपन्न वर्षांचा होतो आणि गाड्या रंगवायला लागून मला अडतीस वर्षं झाली होती. शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या मास्तरांनी कान पिळला, तो लाल कान घेऊन घरी आलो आणि परत गेलो नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. हे लिहितोय ते मीच लिहितोय, कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ कुणाला तपासायचं असेल तर खुशाल तपासावं.

हुबळीत कारवार रोडला माझी पत्र्याची शेड होती, उत्तरेच्या अंगाला उघडी. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, रंगाला फसवत नाही. सुरुवात केली लॉरीपासून. लॉरीला काय, तांबडा म्हणजे तांबडा. मग जीपा आल्या, मग मोटारी. मोटारीचं दार ठोकलं की तेवढंच दार रंगवायचं आणि ते बाकीच्या गाडीशी असं मिळवायचं की मालकालाही सापडू नये. याला आम्ही मॅचिंग म्हणतो. कंपनीत तो रंग भट्टीत भाजून बसवलेला असतो. माझ्याकडे भट्टी नव्हती. डोळे होते, आणि रंगाचे दहा-बारा डबे.

त्याच वर्षी दुर्गदबैल बाजारातल्या रंगवाल्यानं मशीन आणलं. त्याच्या वडिलांपासून मी त्या दुकानात रंग घेत होतो, याला तर मी चड्डीतला बघितलेला. मशीन म्हणजे एक काँप्युटर आणि एक नाजूक तराजू. गाडीच्या बॉनेटखाली पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड असतो. तो कोड सांगायचा, मशीन म्हणणार अमुक रंग इतका, तमुक इतका, आणि हा वजन करून डबा हातात देणार. दुकानावर मोठा बोर्ड लावला. उद्घाटनाला सगळ्या पेंटरांना पेढे दिले.

आमचं बोलणं कन्नडातच व्हायचं, इथे मराठीत लिहितो.

"अण्णा," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आता तुम्ही नुसती रंग फवारायची गन धरायची. डोकं आमचं मशीन चालवणार."

"तुझं मशीन ऊन ओळखतं का?"

"ऊन कशाला? कोड ओळखतं."

"मग त्या कोडलाच रंग मार," म्हणालो, पेढा तिथेच ठेवला आणि आलो. त्यानंतर चार महिने मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. लागेल ते दुसरीकडून आणत होतो.

अशात एका मंगळवारी एक बाई गाडी घेऊन शेडवर आल्या. धारवाडच्या एका शाळेत शिक्षिका, राहायला हुबळीतच, केशवापूरला. घरातलं बोलणं मराठीच. गाडी थांबवताना दोनदा बंद पडली. उतरल्या त्या सरळ डाव्या बाजूला गेल्या आणि पुढच्या दारासमोर पदर धरून उभ्या राहिल्या, जसं काही दार उघडं पडलं होतं. दार हाताएवढं आत गेलेलं, रंग खरवडून पत्रा दिसत होता.

"फाटकाचा खांब," त्या म्हणाल्या. "मामा, शनिवारी संध्याकाळपर्यंत होईल?"

"दाराला काय, होईल की. घाई कसली एवढी?"

मग त्यांनी सांगितलं. साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, सरकारी इंजिनिअर, कालच अळणावरकडे पुलाच्या कामावर गेलेले, शनिवारी रात्रीच्या गाडीनं येणार. गाडीच्या कागदावर नाव बाईंचं, चावी मात्र साहेबांच्या खिशात. बाई चाळिसाव्या वर्षी क्लास लावून गाडी शिकल्या, लायसन काढलं. साहेबांनी सहा महिने स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. या खेपेला चावी घरी राहिली आणि बाई शाळेला गाडी घेऊन निघाल्या. फाटकातच खांब आला.

"त्यांना दिसलं तर चावी कपाटात जाईल. मग मी जन्मभर बसच्या रांगेत," त्या म्हणाल्या. "रागावतील त्याचं काही नाही हो. 'मी म्हटलंच होतं' म्हणतील, ते मला ऐकायचं नाही."

मी म्हटलं, "मी रंगारी आहे. नवरा-बायकोतली लपवाछपवी करून द्यायला बसलेलो नाही."

"मग लपवू नका. नुसतं चांगलं काम करा. इतकं चांगलं की दिसणारच नाही."

मी गाडी आत घ्यायला सांगितली. बाई मास्तरीण होत्या, त्यांना कुठे दाबायचं ते कळत होतं.

रंग मोठा वाईट होता. वाईट म्हणजे अवघड. मेटॅलिक. कंपनीनं त्याला काही इंग्रजी नाव दिलेलं, मी त्याला भिजलेल्या राखेचा म्हणायचो. समोरून बघितलं तर राख, बाजूनं वाकून बघितलं तर शेवाळाची झाक. अशा रंगात अॅल्युमिनियमची बारीक पूड असते. ती कशी पडते त्यावर रंग ठरतो. एकाच डब्यातला रंग दोन हातांनी मारला तर दोन रंग दिसतात.

बाईंनी बॉनेट उघडून कोड उतरवून आणला होता, सुंदर अक्षरात. त्यांनी तो माझ्या हातात दिला. शेजारचा टिंकर, म्हणजे पत्रा ठोकणारा, त्यानं बुधवारी दुपारपर्यंत दार आतून ठोकून सरळ केलं, मी पुट्टी भरून घासलं, प्रायमर मारला. आणि मग तो कागद घेऊन मी दुर्गदबैलला गेलो. मशीन खोटं आहे हे दाखवायला गेलो असं मी तेव्हा टिंकरला सांगितलं. खरं सांगायचं तर वेळ कमी होता आणि मशीनमुळे एक दिवस वाचला तर वाचला असंही मनात होतं. आता इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू.

रंगवाला हसला. "या अण्णा. येणार होताच." त्यानं कोड मारला, थेंब थेंब तोलून डबा दिला.

गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर छोटं झाकण असतं, ते मी काढूनच नेलं होतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला गाडीचा रंग, आतल्या अंगालाही तोच. बाहेरचं अंग मी अर्धं पॉलिशच्या कंपाउंडनं घासून घेतलं होतं, कारण उन्हानं वर जी पांढुरकी साय धरते तिच्यावरून रंग जुळवला तर माणूस फसतो. दुकानाबाहेर उजेडात येऊन एका कोऱ्या पट्टीवर रंग मारला, सुकू दिला. ओल्या रंगावर मी कधीच बोलत नाही. सुकल्यावर झाकणाच्या आतल्या अंगाला लावून बघितला. डिट्टो. बाहेरच्या अंगाला लावला. वेगळा. बाहेरचा राखेचा, डब्यातला गडद, हिरवा जास्त.

"जुळला की," रंगवाला म्हणाला.

"आतून जुळला. तुझ्या मशीननं गाडी जन्मली त्या दिवसाचा रंग दिला. गाडी चार वर्षं केशवापूरच्या उन्हात उभी आहे, ते त्याला कोण सांगणार?"

"कोडमध्ये तेच आहे अण्णा. कोड म्हणजे कोड."

"लोक गाडीच्या आत शिरून रंग बघत नाहीत," म्हणालो आणि डबा घेऊन आलो. तो डबा घेऊन आलो हीच चूक झाली, ते पुढे कळलं.

गुरुवारी सकाळी मी माझे डबे काढले. बारीक चांदी, जाड चांदी, काळा, हिरवा, थोडा पिवळा मातकट. नऊ ते अकरा या उजेडात मी जुळवतो, सूर्य पाठीशी घेऊन. काडीनं थेंब टाकायचा, ढवळायचं, पत्र्याचा तुकडा तारेला लोंबता अडकवून त्यावर गननं मारायचं, सुकेपर्यंत विडी. मग झाकणाशेजारी धरायचा, समोरून, बाजूनं, परत समोरून. अकराव्या तुकड्याला रंग मिळाला. मी तो टिंकरला दाखवला. तो म्हणाला, "झाकण कुठलं आणि तुकडा कुठला?" बस.

दुपारी दार काढलं, दोन पिंपांवर आडवं ठेवलं आणि मारलं. आम्ही हुबळीचे पेंटर दार नेहमी आडवंच ठेवून मारायचो. लॉरीच्या दिवसांपासूनची पद्धत. आडव्या दारावर रंग ओघळत नाही, हात मोकळा चालतो. वर बिनरंगी लॅकरचा कोट दिला. काचेसारखं दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी दार गाडीला बसवलं, दहा पावलं मागे गेलो आणि बघितलं. समोरून ठीक. बाजूला सरकलो. दार काळवंडलं. जणू त्या एका दारावर ढगाची सावली.

मी आधी थिनरला शिव्या घातल्या. मग चांदीच्या डब्याला. मग गनला, मग त्या बाईंना, की मुळात खांबाला कशाला लावायची. टिंकर येऊन उभा राहिला.

"अण्णा, रंग चुकला का?"

"रंग चुकलेला नाही."

"मग दार चुकलं?"

त्याला हाकलून लावला. पण तारेला कालचा तुकडा लोंबत होता. तो काढून दाराशेजारी धरला. तुकडा गाडीशी जुळत होता, दाराशी नाही. दोघांनाही एकाच डब्यातला रंग. पिंपावर बसून मी तुकड्याकडे बघत राहिलो. तुकडा मी उभा लोंबता ठेवून मारला होता, दार आडवं. उभ्यावर ओघळायची भीती, म्हणून हात आपसूक हलका पडतो, कोट पातळ बसतो, पूड वरच्या वर धरते. आडव्यावर मी बिनधास्त भिजवून मारलं, पूड खाली जाऊन बसली. आजवरच्या बहुतेक रंगांत पूडच नव्हती, म्हणून खपलं. गाडी कंपनीत उभी रंगवतात. दार उभंच असतं. अडतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. विचारण्याची सवयच नव्हती.

ही चूक मी तेव्हा टिंकरला कबूल केली नाही, बायकोलाही सांगितली नाही. आज पहिल्यांदा लिहितोय. पण चूक मी शोधली, मशीननं शोधली नाही, हेही लिहून ठेवतो.

शुक्रवारी दुपारी दार गाडीवरच ठेवून परत घासलं. बाकी गाडीला कागद चिकटवले आणि उभ्यानं मारलं, हात हलका, गन लांब. दाराच्या कडेशी थांबलो नाही. पुढच्या मडगार्डवर आणि मागच्या दारावर रंग थोडा थोडा फुंकत विरवत नेला, कुठे संपला ते मलाही सांगता येऊ नये असा. मग ती सगळी बाजू लॅकरनं बांधली. शनिवारी सकाळी पॉलिश केलं आणि गाडी उन्हात लावली. समोरून बघितली, बाजूनं, गुडघ्यावर बसून. ढग गेला होता.

दुपारी बाई आल्या. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "मामा, कुठल्या बाजूला होतं हो?" गंमत म्हणून विचारलं असेल. पण क्षणभर खरंच शोधत होत्या, ते मी बघितलं.

"एक शब्द द्या," त्या जाताना म्हणाल्या. "कुणाला सांगणार नाही."

मी दिला. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम, आणि ते कुणाला दाखवायचं नाही. पण शब्द दिला म्हणजे दिला.

तीन आठवड्यांनी टिंकर बातमी घेऊन आला. रंगवाला येईल त्या पेंटरला सांगत होता, "अण्णापण शेवटी मशीनकडे आले. केशवापूरच्या एका गाडीला आमचाच डबा मारला. सांगू नका म्हणाले असतील, पण आले." डबा मी नेला होता हे खरं, ते मला नाकारता येत नव्हतं. त्यातला थेंबही गाडीला लागला नव्हता, ते दाखवायचं तर गाडी दाखवायला हवी, आणि शब्द तोंडावर बसलेला. शिवाय बोलणं असंच फिरत राहिलं तर एक दिवस साहेबांच्या कानावर जाणार होतं. बाईंना निदान सावध करावं म्हणून रविवारी सकाळी मी केशवापूरला त्यांच्या घरी गेलो.

फाटकाच्या खांबाला एका जागी ताजा चुना फासलेला. बाकी खांब पिवळट, तेवढाच पांढराफेक. ही मॅचिंग बाईंनी स्वतः केलेली दिसत होती. आत साहेब बनियनवर, बादली घेऊन गाडी पुसत होते. नेमकं डावं दार.

"काय पाहिजे?"

मी आयुष्यात खोटं फार बोललो नाही, त्यामुळे जमत नाही. "पेंटर आहे. गाडीचं काही काम असेल तर म्हणून."

साहेब हसले. "इथे नाही मिळायचं, मिस्त्री. बघा, चार वर्षांत एक ओरखडा नाही. का सांगू? दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आमची ही पण शिकलीय, लायसन आहे. मी म्हटलं लायसन जपून ठेव, फोटो चांगला आलाय." आणि त्यांनी दारावर थाप मारली. माझ्या दारावर.

दातांखाली जीभ धरून मी उभा राहिलो. 

बाई दारात आल्या होत्या, हातात चहाचा कप. त्यांनी तो कट्ट्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरून आल्या.

"हे मामा माझ्या ओळखीचे आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गाडी एवढी पाठ आहे ना? चार दारं आहेत. एक दार नवं रंगवलेलं आहे. सांगा कुठलं."

"काय चेष्टा आहे?"

"सांगा तर."

साहेब आधी हसले, मग नुसते बघत राहिले, मग बादली खाली ठेवली. गाडीभोवती फिरले. काचेच्या रबराखाली नख घातलं, वाकले, चष्मा पुसला. शेवटी उजव्या बाजूच्या मागच्या दारापाशी थांबले. "हे. इथे जरा पिवळं मारतंय."

"ते कंपनीचं आहे," मी म्हणालो. निघूनच गेलं तोंडातून.

"डावं, पुढचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही अळणावरला होता. खांबाला मी लावली. हाताएवढा पत्रा आत गेला होता. मामांनी करून दिलं. तीन आठवडे तुम्ही रोज तेच दार पुसताय."

साहेबांनी दाराकडे बघितलं, मग खांबाकडे. चुना त्यांना तेव्हा दिसला. "म्हणजे मी नसताना..."

"असताना देता का?"

साहेबांनी फडकं बादलीत टाकलं. बाई माझ्याकडे वळल्या. "मामा, तुमचा शब्द सुटला. आता सांगा, कशाला आला होता?"

मी रंगवाल्याचं सांगितलं. सगळं, डब्यासकट. बाई आत जाऊन चावी घेऊन आल्या. रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं असायचं. बाई चालवायला, शेजारी साहेब बनियनवर शर्ट चढवून, मागे मी. दुर्गदबैलला हातगाड्या, ऑटो, मधेच उभी गाय. एकदा गाडी बंद पडली.

"क्लच, क्लच," साहेब म्हणाले.

"मला ऐकू येतं," बाई म्हणाल्या आणि दोन हातगाड्यांच्या मधून गाडी काढली. मी मागे बसून दार वाचलं का ते बघत होतो. वाचलं.

रंगवाला बाहेर आला. दुकानात तीन-चार पेंटर होते, तेही आले. मी म्हटलं, "तुझ्या मशीनबरोबर रंगांच्या पट्ट्यांची माळ आली आहे ना, ती आण. हाच कोड काढ." त्यानं पट्टी काढली, एकेका दाराला लावली. एकालाही जुळेना. चारही दारं एकमेकांशी जुळत होती.

"गाडी उन्हानं उतरलीय," तो म्हणाला.

"हेच मी त्या दिवशी बोंबलत होतो. आता नवं दार शोध."

त्यानं शोधलं. पेंटरांनीही शोधलं. एक जण बरोबर बाजूला आला, पण मडगार्ड म्हणाला.

"मग हा रंग कशातून काढला?" रंगवाल्यानं विचारलं.

"तुझा डबा शेडवर भरलेला आहे. ये आणि मोजून बघ."

तो दुकानाकडे वळला. "माझ्या मशीनचं नाव खराब करू नका अण्णा," म्हणाला, पण हळू. मला तेवढं पुरे होतं. पुरे नव्हतं खरं तर, तो मोठ्यानं बोलायला हवा होता. पण साहेबांनी तेवढ्यात खिडकीतून हात घालून चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"चला घरी," ते बाईंना म्हणाले. राग नाही, काही नाही, नुसतं चला. गाडी निघाली तेव्हा साहेब चालवत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, माझ्याकडे बघितलं नाही. मी पायी घरी आलो. जिंकून आलो असं सगळे म्हणत होते. मला जेवण गेलं नाही. माझी लाज वाचवायला त्या आल्या आणि त्यांची चावी गेली, असंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड न उघडता मी सिटी बस धरली आणि केशवापूरच्या मोठ्या रस्त्याला उतरून कडेला उभा राहिलो. सकाळच्या तिरप्या उन्हात ते दार कसं दिसतं ते बघायला चाललोय, असं बायकोला सांगितलं होतं. शाळेच्या वेळेला गाडी आली. बाई चालवत होत्या. शेजारी साहेब, ऑफिसच्या कपड्यांत, मांडीवर बॅग आणि दोन्ही हात समोर डॅशबोर्डवर घट्ट. बाईंनी मला बघितलं आणि हॉर्न वाजवला, गरज नव्हती तिथे. गाडी धारवाडच्या दिशेला गेल्यावर लक्षात आलं की दार बघायचं राहिलं. मग मी रस्ता ओलांडून परतीची बस धरली, शेडवर आलो, ज्यांवर दारं आडवी ठेवायचो ती दोन पिंपं उचलली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली.